पोकळी मोजायची कशी? एम्फिसीमाच्या मोजमापाचा दोनशे वर्षांचा इतिहास

दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमधील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. आय. पद्मावती आणि त्यांचे सहकारी डॉ. एस. एन. पाठक यांनी १९५९ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात १२७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ती निकामी होत जाते, अशा आजाराचे हे रुग्ण होते. पाश्चात्त्य ग्रंथांनुसार हा आजार प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा असायला हवा होता. दिल्लीत मात्र तो स्त्रियांमध्येही पुरुषांच्या बरोबरीने आढळत होता, आणि या स्त्रियांत धूम्रपान फारच कमी होते. संशयाची सुई स्वयंपाकघराकडे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या आणि लाकडे यांच्या धुराकडे वळली. पुढे १९६४ मध्ये पद्मावतींनी याच विषयावर शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यासही प्रसिद्ध केला.

त्या अभ्यासांनी उभा केलेला प्रश्न वरवर साधा वाटतो: एखाद्या माणसाचे फुप्फुस नेमके किती बिघडले आहे, हे सांगायचे कसे? एम्फिसीमा, म्हणजेच वातस्फीती, या विकाराच्या बाबतीत हा प्रश्न फार अवघड ठरला. इतर बहुतेक रोगांत शरीरात काहीतरी वाढते: गाठ, सूज, पू, व्रण. एम्फिसीमात मुळात असलेले काहीतरी नाहीसे होते. वायुकोशांमधल्या पातळ भिंती झिजतात, फाटतात आणि लहान लहान कप्प्यांच्या जागी मोठ्या पोकळ्या उरतात. जे उरलेलेच नाही ते मोजायचे कसे, या कोड्याचा हा इतिहास आहे.

त्याची सुरुवात पॅरिसमध्ये होते. स्टेथोस्कोपचे जनक रेने लाएनेक यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एम्फिसीमाचे काळजीपूर्वक वर्णन केले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये मॅथ्यू बेली यांनी अशा फुप्फुसांची चित्रे छापली होती. पण जिवंतपणी दिसणारी लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसणारी रचना यांची सांगड घातली ती लाएनेक यांनी. निरोगी फुप्फुस छाती उघडताच फुग्यातली हवा जावी तसे आक्रसते; एम्फिसीमाचे फुप्फुस मात्र फुगलेलेच राहते, हे त्यांनी नोंदवले. शिवाय त्यांनी एक साधी पण दूरगामी युक्ती केली: फुप्फुसात हवा भरून ते तसेच वाळवायचे आणि मग कापायचे. आक्रसलेल्या फुप्फुसात भिंती एकमेकींना चिकटतात आणि पोकळ्या दिसेनाशा होतात. मोजमापाचा पहिला नियम येथेच ठरला. फुप्फुस मोजायचे असेल तर आधी ते श्वास घेतल्यासारखे फुगवलेले असले पाहिजे.

हा नियम पुढची शंभरहून अधिक वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. शवविच्छेदनात फुप्फुस कापले जाई, ते आक्रसे, त्याचा नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि अहवालात 'सौम्य', 'मध्यम' किंवा 'तीव्र' असा शेरा पडे. एकाचे 'मध्यम' दुसऱ्याचे 'तीव्र' ठरण्यास कोणताही अटकाव नव्हता.

बदल घडला तो वेल्सच्या कोळसा खाणींच्या परिसरात. कार्डिफमधील विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ खाणकामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करत होते. कोळशाच्या धुळीमुळे होणारा न्यूमोकोनिओसिस ब्रिटनमध्ये १९४३ पासून नुकसानभरपाईस पात्र झाला होता. त्यामुळे कामगाराच्या फुप्फुसात काय दडले आहे, हा केवळ शास्त्रीय प्रश्न उरला नव्हता. त्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाशी तो जोडला गेला होता. गॉफ आणि त्यांचे सहकारी जेम्स वेंटवर्थ यांनी १९४९ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. अख्खे फुप्फुस फॉर्मेलीनने फुगवून घट्ट करायचे, ते जिलेटीनमध्ये रुजवून गोठवायचे, मोठ्या मायक्रोटोमने त्याचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असे आडवेउभे भलेमोठे छेद घ्यायचे आणि ते कागदावर चिकटवून वाळवायचे. कागदावरचे हे फुप्फुस हातात धरून पाहता येई, वर्षानुवर्षे जपून ठेवता येई, एवढेच काय, पुस्तकाच्या पानांसारखे एकत्र बांधताही येई.

सूक्ष्मदर्शकाच्या इवल्याशा वर्तुळात जे कधीच दिसले नव्हते ते या कागदावर दिसू लागले. काही फुप्फुसांत पोकळ्या प्रत्येक खंडिकेच्या मध्यभागी, श्वासनलिकेच्या टोकाशी होत्या. काहींत संपूर्ण खंडिकाच विरून गेली होती. १९५७ मध्ये लिओपोल्ड आणि गॉफ यांनी यांपैकी पहिल्या, मध्यवर्ती प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सीबा प्रतिष्ठानाच्या चर्चासत्रात तज्ज्ञांनी एम्फिसीमाची व्याख्या ठरवली आणि ती लक्षणांवर न बेतता रचनेवर बेतली: सर्वांत शेवटच्या श्वासनलिकेच्या पलीकडील हवेच्या जागा नेहमीपेक्षा मोठ्या होणे. व्याख्या रचनेची असल्याने तिचे मोजमापही रचनेतच करावे लागणार, हे ओघाने आले.

येथे वैद्यकाने मदत घेतली ती भूगर्भशास्त्राची. खडकात एखादे खनिज किती आहे हे त्याचा चुरा न करता कसे ओळखावे, हा प्रश्न फ्रेंच भूशास्त्रज्ञ अशील देलेस यांनी १८४७ मध्ये सोडवला होता. खडकाच्या सपाट छेदावर त्या खनिजाने जितका भाग व्यापला असेल, तितकाच भाग ते सरासरीने संपूर्ण खडकाच्या घनफळातही व्यापते, असे त्यांनी दाखवले. छेदावरची आकृती पातळ पत्र्यावर उतरवून, कापून, तिचे वजन करण्याची त्यांची रीत होती. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या रोझिवाल यांनी क्षेत्रफळाऐवजी रेषांवर काम भागवले. १९३३ मध्ये रशियाच्या ग्लागोलेव यांनी रेषांऐवजी नुसत्या बिंदूंवर. छेदावर बिंदूंची जाळी ठेवावी, हव्या त्या खनिजावर किती बिंदू पडतात ते मोजावे आणि एकूण बिंदूंशी त्याचे प्रमाण काढावे, बस्स.

एवढ्या थोड्या बिंदूंवर भरवसा ठेवता येतो का, ही शंका तेव्हाही होती. भारतात १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधील तागाच्या लागवडीचा अंदाज नेमक्या याच जातीच्या तर्काने काढत होते. प्रत्येक शेत न मोजता नकाशावर यादृच्छिक पद्धतीने निवडलेले छोटे चौकोन मोजायचे आणि त्यांवरून संपूर्ण प्रांताचे क्षेत्र सांगायचे, अशी त्यांची रीत होती. ताग असो, खडक असो वा फुप्फुस, अट एकच: नमुना निवडताना माणसाची आवडनिवड आड येता कामा नये. विकृतिशास्त्रज्ञ नेमके येथेच चुकत होते. त्यांचा हात नकळत सर्वांत बिघडलेल्या, 'पाहण्याजोग्या' भागाकडेच जाई.

ऑक्सफर्डच्या मायकेल डनिल यांनी १९६२ मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात हे सारे तंत्र फुप्फुसासाठी नीट बांधून दिले. फुगवून घट्ट केलेल्या फुप्फुसाच्या छेदांवर बिंदूंची पारदर्शक जाळी ठेवायची. शंभरातले तीस बिंदू एम्फिसीमाच्या पोकळ्यांवर पडले, तर फुप्फुसाचा ३० टक्के भाग रोगग्रस्त. डोळ्यांना दिसणाऱ्या पोकळ्यांसाठी ही रीत पुरेशी होती. सूक्ष्म बदलांसाठी दुसरे माप होते, सरासरी रेषीय अंतर. सूक्ष्मदर्शकातील चित्रावर ठराविक लांबीच्या रेषा ओढायच्या, त्या वायुकोशांच्या भिंतींना किती वेळा छेदतात ते मोजायचे आणि एकूण लांबीला त्या संख्येने भागायचे. भिंती कमी झाल्या की छेद कमी होतात आणि अंतर वाढते. या मापावरून फुप्फुसाच्या आतील पृष्ठभाग काढण्याचे गणित कॅम्पबेल आणि टॉम्कीफ यांनी १९५२ मध्येच मांडले होते, आणि यांतले टॉम्कीफ हेही भूशास्त्रज्ञच!

हे गणित अगदी सोपे आहे. फुप्फुसाच्या घनफळाची चौपट घ्यायची आणि तिला या सरासरी अंतराने भागायचे. समजा घनफळ ५ लिटर आहे आणि अंतर पाव मिलिमीटर. तर आतील पृष्ठभाग येतो ८० चौरस मीटर. तेच अंतर अर्धा मिलिमीटर झाले तर पृष्ठभाग ४० चौरस मीटरवर येतो. छातीचा आकार तोच, घनफळ तेच. पण प्राणवायू रक्तात शिरण्याची जागा निम्मी झालेली. जिना चढताना लागणारी धाप येथे आकड्यात उतरते.

त्याच काळात स्विस शास्त्रज्ञ एवाल्ड वाइबल न्यूयॉर्कमध्ये डोमिंगो गोमेझ यांच्यासह निरोगी फुप्फुसाची मापे घेत होते. १९६३ च्या त्यांच्या 'मॉर्फोमेट्री ऑफ द ह्यूमन लंग' या ग्रंथातून ३० कोटी वायुकोशांचा आकडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. चार दशकांनंतर, २००४ मध्ये, अधिक निर्दोष मोजणीने सहा फुप्फुसांची सरासरी ४८ कोटी निघाली, आणि माणसामाणसांतला फरकही मोठा दिसला. हा फरक महत्त्वाचा आहे. मुळात कोट किती कापडाचा होता हे ठाऊक नसेल, तर त्याला पडलेली भोके किती मोठी, हे सांगणे कठीणच.

बिंदू आणि रेषा मोजणे हे वेळखाऊ काम. म्हणून विल्यम थर्लबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रफलकाचा मार्ग पुढे आणला. कागदावर चढवलेल्या फुप्फुस-छेदांची चढत्या क्रमाने लावलेली मालिका समोर ठेवायची आणि हातातला छेद त्यांतल्या कोणाशी जुळतो ते पाहून ० ते १०० मध्ये पाचाच्या टप्प्याने गुण द्यायचे. १९७० मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या विकृतिशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन एम्फिसीमा मोजण्याच्या तीन पद्धतींची तुलनाही केली. 'सौम्य' आणि 'तीव्र' या शब्दांना प्रथमच काही सामाईक अर्थ लाभला.

परंतु प्रत्येक नव्या मापाबरोबर त्याची मर्यादाही पुढे आली. सरासरी रेषीय अंतर वाढले म्हणजे भिंती फाटल्याच, असे नाही. फुप्फुस जास्त दाबाने फुगवले तरी ते वाढते. वाढत्या वयाबरोबरही वाढते. १९८५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कार्यशाळेने व्याख्येत भिंतींचा नाश ही अट स्पष्टपणे घातली. त्याच वर्षी सएत्ता, कोसियो आणि सहकाऱ्यांनी 'विनाश निर्देशांक' मांडला. त्यात बिंदू ज्या जागेवर पडतो तिच्या भोवतीच्या भिंती शाबूत आहेत की तुटलेल्या, हे पाहायचे. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत, पोकळ्या अजून मोठ्या झालेल्या नसतानाही, भिंती तुटू लागल्याचे या मापाने दाखवले. आधीच्या मापांनी ज्यांना निरोगी ठरवले असते, ती ही फुप्फुसे होती.

दुसरी मर्यादा सरासरीचीच होती. बॉस्टन विद्यापीठात हरिकृष्णन परमेश्वरन, अर्णब मजुमदार, बेला सुकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिच्यावर बोट ठेवले. समजा दहा पोकळ्या आहेत: नऊंचा व्यास ०.२ मिलिमीटर आणि एकीचा २ मिलिमीटर. सरासरी येते ०.३८. आता दुसऱ्या फुप्फुसात दहाही पोकळ्या ०.३८ मिलिमीटरच्या आहेत असे समजा. सरासरी तीच, पण पहिल्यात एक भगदाड पडले आहे, दुसऱ्यात नाही. परमेश्वरन आदींनी मोठ्या पोकळ्यांना त्यांच्या आकारमानाप्रमाणे अधिक वजन देणारा निर्देशांक सुचवला: व्यासांच्या घनांची बेरीज भागिले व्यासांच्या वर्गांची बेरीज. त्याने पहिल्या फुप्फुसाचे उत्तर सुमारे १.८५ येते, तर दुसऱ्याचे ०.३८ च राहते. प्रचलित सरासरी रेषीय अंतर अशा विषम बिघाडाला पुरेसे संवेदनशील नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विषमतेमागे भौतिक कारणही आहे. वायुकोशांच्या भिंती ताणलेल्या जाळीसारख्या एकमेकींना धरून असतात. एक धागा तुटला की त्याचा ताण शेजारच्या धाग्यांवर येतो आणि आधीच दुबळे झालेले तेही तुटतात. म्हणूनच बिघाड सगळीकडे सारखा पसरत नाही. जेथे भोक पडते तेथेच ते वाढत जाते.

पुढे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोप येथील श्वसनविज्ञान संस्थांनी फुप्फुसाच्या रचनेच्या मोजमापाचे संयुक्त निकष प्रसिद्ध केले. त्यांतला एक धडा विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. प्रति घन सेंटिमीटर किती भिंती, एवढाच आकडा फसवा असतो. संपूर्ण फुप्फुसाचे घनफळ माहीत असल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढू नये. लाएनेक यांचा वाळवलेल्या फुप्फुसाचा नियम दोनशे वर्षांनी पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितला गेला.

या सर्व पद्धतींची एक अडचण मात्र सामाईक आहे. त्यांना फुप्फुसच हातात लागते, म्हणजे एक तर मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर. जिवंत माणसात ऊतक न कापता पाहण्याची वाट सीटी स्कॅनने मोकळी केली. या यंत्राच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००. भिंती नाहीशा झाल्या की तो भाग हवेच्या आकड्याकडे झुकतो. एडिंबराच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात सीटीवरील घनता आणि वायुकोशांच्या भिंतींचा पृष्ठभाग यांचा संबंध दाखवला. व्हँकुव्हरच्या नेस्टर म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उणे ९१० खालचा भाग संगणकाने ठळक करून मोजला. ही रेषा नेमकी कोठे ओढावी? ब्रसेल्सच्या जेव्हेन्वा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेली फुप्फुसे आणि त्याच रुग्णांचे आधीचे स्कॅन यांची तुलना करून उणे ९५० ही रेषा सुचवली. आणि ही तुलना त्यांनी कशाशी केली? गॉफ-वेंटवर्थ पद्धतीने कागदावर चढवलेल्या छेदांशी. आजही संगणकाच्या पडद्यावर 'एम्फिसीमा इतके टक्के' असा जो आकडा उमटतो, त्याच्या तळाशी कार्डिफचा तो कागद आहे.

त्या कागदाने न्यायालाही हातभार लावला. खाणकामगारांचा एम्फिसीमा धुळीमुळे की सिगारेटमुळे, हा वाद अनेक दशके चालला. १९८२ मध्ये शवविच्छेदनावर आधारलेल्या एका अभ्यासाने दाखवले की, वय आणि धूम्रपान जमेस धरूनही खाणकामगारांत एम्फिसीमा इतरांपेक्षा जास्त आढळतो. ब्रिटनने १९९३ मध्ये दीर्घकालीन ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा यांना खाणकामगारांचे व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. न्यूमोकोनिओसिसच्या मान्यतेनंतर त्यासाठी पन्नास वर्षे जावी लागली.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. भारतात दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधाचे (सीओपीडीचे) रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते; २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर चुलीच्या धुराला सामोरे जाणारे सुमारे तीनशे कोटी, हे त्यांनी निदर्शनास आणले.

आणि येथे मोजपट्टीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. मेक्सिकोतील स्त्रियांच्या २०१४ मधील सीटी अभ्यासात असे दिसले की, तंबाखूच्या तुलनेत लाकडाच्या धुराने आजारी झालेल्या स्त्रियांत एम्फिसीमा कमी आणि लहान श्वासनलिकांत हवा अडकून पडण्याचे प्रमाण जास्त असते. त्याआधी २०११ मध्ये सूक्ष्म-सीटीने केलेल्या अभ्यासात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्यापूर्वीच सर्वांत शेवटच्या श्वासनलिका अरुंद होतात आणि संख्येने घटतात, असे आढळले होते. म्हणजे उणे ९५० ची रेषा केवळ पोकळी मोजते. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईचा आजार मुख्यतः नलिकांत असेल, तर त्या मापाने तिचे फुप्फुस जवळजवळ निरोगी ठरेल आणि तिची धाप मात्र खरीच राहील.

गॉफ, डनिल, वाइबल, परमेश्वरन यांच्यापैकी प्रत्येकाने आधीच्या मापाला जे दिसत नव्हते ते दिसावे म्हणून नवे माप घडवले. धुराने जर्जर झालेल्या भारतीय फुप्फुसासाठी कोणते माप योग्य, हे ठरवायचे तर तेच जुने कष्ट येथेही घ्यावे लागतील: फुप्फुस योग्य दाबाने फुगवणे, नमुना आवडनिवड न ठेवता निवडणे, घनफळ नोंदवणे, पोकळ्यांबरोबर नलिकाही मोजणे आणि मग स्कॅनवरचा आकडा त्या ऊतकाशी ताडून पाहणे. डॉ. पद्मावती २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी मोजायला घेतलेल्या त्या धुराची मोजणी अजून पूर्ण झालेली नाही.